व्यालेली गाय बसली तर: दुग्धज्वरात काय करावं, काय टाळावं

तिसऱ्या वेतापुढची भरपूर दुधाची गाय व्याल्यापासून 72 तासांच्या आत बसली आणि उठेना, तर पहिला संशय दुग्धज्वराचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घटल्याचा घ्या. एक लिटर चिकातून साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि गाईच्या सगळ्या रक्तात ते जेमतेम 3 ग्रॅम असतं. हाडांतून भरपाई वेळेत झाली नाही की स्नायू ढिले पडतात.

आधी गाय लटपटते, अंगाला कंप सुटतो, चारा सोडते. मग बसते, मान पोटाकडे वळवते. कान गार, मुसकट कोरडं, शेण बंद. अंगात ताप नसतो, उलट थर्मामीटर 101 फॅरनहाइटच्या खाली दाखवतो. कासही चाचपून पाहा. जोराचा कासदाह झालेली गायही अशीच पडते.

डॉक्टरांना लगेच बोलवा. ते येईपर्यंत गाय छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंना भुशाची पोती टेकवा. आडवी पडली तर पोट फुगतं. नळीने, बाटलीने काहीही पाजू नका. तिला गिळता येत नाही, पाजलेलं फुप्फुसात जातं आणि वाचणारी गाय न्यूमोनियाने मरते. खाली जाड गवत किंवा वाळू घाला, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर दाबलेल्या पायाचे स्नायू मरतात आणि कॅल्शियम देऊनही ती उठत नाही.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून देताना बाटली कोमट हवी, 450 मिलीला किमान 15 मिनिटं हवीत आणि ठोक्यांवर लक्ष हवं. घाईने सोडलं तर हृदय बंद पडतं, म्हणून हे काम घरी करू नका.

उठलेली गाय दोन दिवसांत पुन्हा बसू शकते. तोवर कास पूर्ण रिकामी करू नका. वासराला मात्र पहिला चीक तासाभरात, आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका मिळालाच पाहिजे.

खरी काळजी व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत. तेव्हा लसूणघास आणि कॅल्शियमच्या बाटल्या बंद ठेवा. ताकद येईल म्हणून हेच भरपूर दिलं जातं आणि तिथेच घात होतो: आयतं कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढणारी यंत्रणा सुस्तावते. मका, ज्वारीचा कडबा द्या; अ‍ॅनायोनिक क्षार (हाडांतून कॅल्शियम काढणारी यंत्रणा जागी ठेवणारे खाद्यातले क्षार) डॉक्टरांच्या मापानेच. आधीच्या वेतात दुग्धज्वराने बसलेल्या गाईला व्याल्याबरोबर कॅल्शियम जेल आणि 12 तासांनी पुन्हा एकदा द्या, पण ती उभी असेल आणि नीट गिळत असेल तरच.