टीव्हीवरच्या तुलनेत जिंकलेली इलेक्ट्रिक स्कूटर घरी कशी तपासावी

टीव्हीवरच्या गॅजेटच्या कार्यक्रमांत हा भाग ठरलेला असतो. दोन इलेक्ट्रिक स्कूटर शेजारी शेजारी उभ्या करतात, दोन निवेदक हेल्मेट घालून निघतात आणि वीसेक किलोमीटरांनी परत येतात. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवतात, हिची बॅटरी 22 टक्के उतरली आणि तिची 28 टक्के. पहिली जिंकली, ती किफायतशीर. आता पहिलीची बॅटरी 4 युनिटची आणि दुसरीची 3 युनिटची असेल, तर पहिलीने 0.88 युनिट खाल्लं आणि दुसरीने 0.84. म्हणजे हरलेली गाडीच कमी वीज घेते. असा निकाल पाहून लाख-सव्वा लाखाची खरेदी करणारी माणसं माझ्या घरातच आहेत, म्हणून हे लिहितोय.

चार वर्षांत नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या आणि माझ्या स्वतःच्या मिळून बऱ्याच गाड्या मी अशा तपासल्या. टीव्हीवाले खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. साध्या 750 वॅटच्या चार्जरवर 3 युनिटची बॅटरी भरायला चार तासांहून जास्त लागतात. गाडी चालवून, पुन्हा भरून, स्वार बदलून परत चालवणं चित्रीकरणाच्या एका दिवसात बसत नाही. मग डॅशबोर्डवरच्या टक्क्यांवर निकाल लागतो. तुमच्याकडे दोन सुट्टीचे दिवस असतील आणि दोन्ही गाड्या हाताशी असतील, तर तुम्ही यापेक्षा चांगली तुलना करू शकता. गाडी तुमची, मित्राची किंवा टेस्ट राइडला घरी मिळालेली, कोणतीही चालेल.

सुरुवातीला एवढं पाहा की दोन्ही गाड्या एकाच वर्गातल्या आहेत. 250 वॅटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या वर न जाणारी, नंबरप्लेट न लागणारी गाडी आणि आरटीओत नोंदवलेली गाडी यांची रेंज, म्हणजे एका चार्जिंगवर जाणारं अंतर, शेजारी मांडणं चूक आहे, आणि तेही टीव्हीवर मी पाहिलं आहे. पेडल मारायच्या ई-सायकलला तर ही पद्धत चालतच नाही. तिथे अर्धं काम स्वाराचे पाय करतात आणि ते घरी मोजता येत नाही.

टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. डिकी रिकामी करा.

16 अँपिअरच्या सॉकेटला लागणारा एक एनर्जी मीटर घ्या, जो युनिट दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दाखवतो. दोन्ही गाड्यांना तोच एक मीटर वापरा. मीटर थोडा चुकत असेल तर दोन्हीकडे सारखाच चुकेल.

रस्ता असा निवडा की जिथून निघालात तिथेच परत याल. मी पुण्यात कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाचा चढ चढतो, सेवा रस्त्याने वारज्याला उतरतो आणि कर्वेनगर, कर्वे पुतळ्यावरून परत डेपोला येतो. चढ, उतार, सिग्नल, गर्दी सगळं यात येतं. फेरी निघालात तिथेच संपत नसेल तर चढाचा हिशोब चुकतो. गाडी आणि स्वार मिळून 200 किलो धरले तर 100 मीटर वर चढायला नुसत्या उचलण्यापोटी 0.055 युनिट जातं. सपाट शहरी रस्त्यावर गाडी तेवढ्यात दीड-दोन किलोमीटर जाते.

आता जाहिरातीतल्या आकड्याबद्दल, कारण टीव्हीवर तोही 'दावा आणि वास्तव' म्हणून दाखवतात. 'आयडीसी रेंज' म्हणजे 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' या ठरावीक चक्रावर, म्हणजे वेग वाढवणं, कमी करणं, थांबणं यांच्या ठरलेल्या क्रमावर मोजलेली रेंज. ते चक्र 108 सेकंदांचं असतं, त्यात कमाल वेग ताशी 42 किलोमीटर आणि सरासरी वेग सुमारे 22. चाचणी चाकांखाली फिरणाऱ्या रोलरवर होते, म्हणजे समोरचा वारा नाही आणि चढही नाही. असं प्रमाणपत्र देणारी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था 1966 सालापासून पुण्यातच आहे, माझ्या फेरीच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या टेकडीवर. तो आकडा खोटा नाही, पण तो त्या चक्राचाच आहे. वेग 40 वरून 60 वर नेला की हवेचा विरोध कापायला दर किलोमीटरला सव्वादोनपट ऊर्जा लागते. त्यामुळे हमरस्त्यावर 60 ने पळवून 'कंपनीने फसवलं' म्हणणारा निवेदक प्रेक्षकांची दिशाभूल करतो.

फुल म्हणजे नेमकं किती भरलेलं

यानंतरचा टप्पा अवघड आहे, आणि इथेच मी दोन वेळा सपशेल चुकलो.

पद्धत ऐकायला सोपी आहे. गाडी फुल भरा, फेरी मारा, परत फुल भरा आणि परत भरताना मीटरवर किती युनिट गेलं ते पाहा. किलोमीटरने भागलं की झालं. सगळा घोळ 'फुल' या शब्दात आहे.

पहिल्या वेळी धाकट्या मामेभावासाठी दोन गाड्या तपासत होतो. एकीच्या डॅशबोर्डवर 100 दिसताच मी प्लग काढला आणि निघालो. परत आल्यावर ती रात्रभर लावून ठेवली. दुसरी आधीच रात्रभर चार्जिंगला होती. निकालात पहिली खूपच खादाड निघाली आणि मी मामेभावाला दुसरी घ्यायला सांगितली. महिन्याभराने शंका आली म्हणून पुन्हा नीट मोजलं, तर दोघींत काही फरकच नव्हता. मामेभावाला हवी होती पहिलीच, ती त्याने माझ्या शब्दावर सोडली होती. ते मला अजून टोचतं.

झालं काय होतं, ते सांगतो. लिथियम बॅटरी आधी जवळजवळ एकाच करंटने भरते आणि शेवटी व्होल्टेज स्थिर ठेवून करंट हळूहळू कमी होत जातो. त्याच शेवटच्या काळात बॅटरीची यंत्रणा आतले सेल एकमेकांच्या पातळीला आणते. डॅशबोर्डवरचा 100 हा अंदाज असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो चार्जिंग संपायच्या आधीच दिसू लागतो. मी 100 ला प्लग काढला तेव्हा भरायची राहिलेली वीज फेरीनंतरच्या चार्जिंगमध्ये भरली गेली आणि ती फेरीच्या नावावर चढली.

दुसऱ्या वेळी ही चूक टाळली, पण रीडिंग सकाळी उठून घेतलं. चार्जिंग रात्री एकला संपलं असेल, तरी प्लग लावलेला असेपर्यंत चार्जर आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स थोडी वीज खेचतच राहतात. समजा 10 वॅट. आठ तासांत 0.08 युनिट होतं. 12 किलोमीटरच्या एका फेरीला 0.42 युनिट लागत असेल, तर ही चूक जवळजवळ पाचव्या हिश्शाची झाली. एवढ्या फरकावर टीव्हीवर विजेता जाहीर होतो.

आता मी जे करतो ते असं. फुल कधी झालं हे गाडीला विचारायचं नाही, मीटरला विचारायचं. मीटरवर त्या क्षणाला किती वॅट जातायत तेही दिसतं. तो आकडा शेकड्यांतून खाली येत येत काही वॅटवर पडतो. तिथे दहा मिनिटं थांबायचं, कारण सेल सारखे करताना काही गाड्या थांबून पुन्हा थोडं भरतात. तो तिथेच राहिला की गाडी फुल. निघण्याआधी हीच खूण आणि परतल्यावरही हीच खूण. रीडिंग त्याच वेळी लिहायचं. त्यासाठी रात्री गजर लावावा लागला तरी लावा, किंवा चार्जिंग दिवसाच संपेल अशा वेळी गाडी लावा.

परतल्यावर लगेच प्लग लावू नका. बॅटरी तापलेली असताना काही गाड्या चार्जिंग मंद करतात. दोन्ही गाड्यांना सारखा वेळ द्या, मी एक तास देतो.

आणि एका फेरीवर भागवू नका. किमान तीन फेऱ्या, म्हणजे 35-40 किलोमीटर सलग चालवा. शेवटाला होणारी चूक तेवढीच राहते, पण मोठ्या आकड्यात तिचं वजन कमी होतं. 12 किलोमीटरला जी चूक पाचव्या हिश्शाची, ती 36 किलोमीटरला सहा-सात टक्क्यांची.

'त्यापेक्षा दोन्ही गाड्या बंद पडेपर्यंत पळवा' हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. शेवटच्या काही टक्क्यांत गाड्या आपणहून वेग कमी करतात, कोणती केव्हा करेल ते सारखं नसतं, आणि शून्यानंतर किती वीज राखून ठेवायची हेही प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते. बॅटरीला पूर्ण उतरणं चांगलं नाही ते वेगळंच. शिवाय संध्याकाळच्या गर्दीत रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पडणं धोक्याचं आहे.

स्वार आणि वेग

टीव्हीवर एका गाडीवर एक निवेदक आणि दुसरीवर दुसरा, आणि शेवटपर्यंत तेच. एक 58 किलोचा आणि दुसरा 85 चा असेल तर चढावर कोण हरणार ते आधीच ठरलेलं असतं. अर्ध्या फेऱ्यांनंतर स्वार बदला. तीन फेऱ्या सारख्या वाटता येत नाहीत, म्हणून चार करा, किंवा दुसऱ्या दिवशी गाड्या बदलून सगळं पुन्हा करा. एकत्रच निघा म्हणजे वारा, गर्मी आणि सिग्नल दोघांना सारखे मिळतील. एकीला दुपारी बारा वाजता आणि दुसरीला रात्री दहा वाजता चालवून काही कळत नाही.

गाडी चालवायच्या मोडच्या ('इको', 'राइड' वगैरे) नावावर जाऊ नका. एका कंपनीचा 'इको' दुसरीच्या 'राइड'पेक्षा चपळ असू शकतो. वेग ठरवा, तोही फोनच्या जीपीएसवर, कारण गाडीचा काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो. मी मोकळ्या रस्त्यावर 45 ठरवतो. अंतरही फोनवरूनच घ्या.

हिशोब

परत भरायला लागलेले युनिट भागिले किलोमीटर. 36 किलोमीटरला 1.26 युनिट लागले तर किलोमीटरला 0.035 युनिट. यात चार्जरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीजही आली, आणि ती यायलाच हवी, कारण बिल तुम्ही तिचंही भरता. टक्क्यांच्या तुलनेत ती कधीच दिसत नाही.

रेंज हवी असेल तर गाडी 100 वरून साधारण 30 टक्क्यांपर्यंत किती किलोमीटर गेली ते वेगळं लिहा. पण ती माहिती फक्त त्याच गाडीपुरती वापरा. एकीचे टक्के दुसरीच्या टक्क्यांशेजारी मांडू नका.

दोन निकालांत दहा टक्क्यांहून कमी फरक आला तर दोन्ही गाड्या सारख्याच समजा आणि ब्रेक, सीटची उंची, घराजवळचं सर्व्हिस सेंटर यावर निवड करा. फरक जास्त आला तर आनंदात लगेच बुकिंग करू नका, एकदा पुन्हा मोजा. आणि तुमची गाडी रोज डबल सीट चालणार असेल, तर तपासणीतही मागे माणूस बसवा, दोन्ही गाड्यांवर तोच.