जुन्या गाडीत अँड्रॉइड ऑटो बसवायचंय? पडदा शेवटी निवडा

गाडी बारा-चौदा वर्षांची झाली तरी इंजिन ठणठणीत आहे, एसी गार आहे, विकायची मुळीच इच्छा नाही. फक्त डॅशबोर्डमधला स्टिरिओ सीडीच्या काळातला आहे, त्यावर अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनवरचा नकाशा, गाणी आणि कॉल गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय, चालत नाही. जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, होटगी रोडला अशा गाड्या कितीतरी दिसतात. आणि स्टिरिओ बदलायचा म्हटलं की बहुतेक जण थेट दुकानात जातात, भिंतीवर लावलेल्या टचस्क्रीन पडद्यांपैकी सगळ्यांत मोठा पसंत करतात आणि संध्याकाळी गाडी न्यायला येतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. फोन, डॅशबोर्ड, वायरिंग आणि बॅटरी आधी बघून घ्या आणि पडदा शेवटी निवडा.

सुरुवात फोनपासून करा, कारण नकाशा, गाणी, कॉल हे सगळं शेवटी फोनच चालवणार आहे. अँड्रॉइड 10 पासून पुढच्या फोनमध्ये अँड्रॉइड ऑटो आतच असतं, वेगळं ॲप टाकावं लागत नाही. वायरशिवाय चालवायचं असेल तर फोन अँड्रॉइड 11 किंवा पुढचा हवा आणि त्याला 5 गिगाहर्ट्झचं वायफाय हवं. हे फोनच्या माहितीपानावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. आयफोन असेल तर आयफोन 5 पासून पुढच्या सगळ्यांवर कारप्ले, म्हणजे ॲपलची तशीच सोय, चालतं. घरात दोघांचे फोन वेगवेगळ्या जातीचे असतील तर दोन्ही चालणारा स्टिरिओच घ्या, उगाच नंतर घरात कुरबुर नको. आणि केबल चांगली घ्या. नुसती चार्जिंगची केबल असेल तर फोन चार्ज होतो पण पडद्यावर काहीच येत नाही, आणि माणूस स्टिरिओला दोष देत बसतो. डेटा जाणारी, एक मीटरपेक्षा लांब नसलेली केबल घरून न्या आणि दुकानात तीच लावून बघा.

गाडीत आधीपासून कंपनीचा पडदा असेल तर पैसे काढण्याआधी थोडं थांबा. मारुतीच्या सुरुवातीच्या स्मार्टप्ले सिस्टिममध्ये ॲपल कारप्ले होतं, अँड्रॉइड ऑटो मागाहून अपडेटने आलं. तुमच्या गाडीला असा अपडेट मिळतो का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. वायरने अँड्रॉइड ऑटो चालत असेल आणि केबलचाच कंटाळा आला असेल, तर यूएसबीला लावायचा छोटा वायरलेस ॲडाप्टर पुरतो. त्यासाठी डॅशबोर्ड उघडायची गरज नाही.

कंपनीचा पडदा नसेल तर टेप घेऊन गाडीत बसा आणि मोजा. जुन्या स्टिरिओची जागा दोन मापांत येते. सिंगल डिन म्हणजे साधारण 180 मिलिमीटर रुंद आणि 50 उंच, डबल डिन म्हणजे तेवढाच रुंद आणि 100 उंच. पण पुष्कळ गाड्यांत स्टिरिओ डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असतो. 2011 साली आलेली दुसऱ्या पिढीची स्विफ्ट आठवा. अशा गाडीला त्याच मॉडेलची वेगळी फ्रेम लागते. फ्रेम मिळते का, एसीची बटणं आणि हॅझर्डचं बटण तिच्यात नीट बसतात का, हे पडदा पसंत करण्याआधी विचारा. नऊ इंची पडद्याने एसीची जाळी झाकली जात असेल तर तो घेऊ नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात एसीची हवा पडद्यापेक्षा मोलाची आहे. डॅशबोर्डचे चारही बाजूंनी फोटो, गाडीचं मॉडेल, व्हेरियंट आणि साल एका जागी लिहून ठेवा, म्हणजे फोनवरूनच चार ठिकाणी चौकशी होते. पेट्या, म्हणजे स्पीकर, किती आहेत आणि स्टेअरिंगवर आवाजाची बटणं आहेत का, हेही लिहा.

आता वायरिंग. इथे घाई करू नका, कारण पुढची सगळी दुखणी इथूनच सुरू होतात. घाईत बसवलेला एखादा स्टिरिओ पुन्हा बाहेर ओढला की मागे काय दिसतं ते सांगतो. कंपनीचा कपलर, म्हणजे तारा जोडायची पिन, कापून फेकलेला असतो, दहा-बारा तारांची टोकं हातानेच पिळून एकमेकांना जोडलेली असतात आणि वरून काळी टेप असते. दोन उन्हाळे गेले की त्या टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटतो, टेप घसरते आणि उघडं तांबं शेजारच्या तारेला टेकायच्या बेतात असतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: या गाडीचा तयार कपलर आहे का? एका टोकाला गाडीची कंपनी पिन आणि दुसऱ्या टोकाला नव्या स्टिरिओची पिन असलेला हा तारांचा जुडगा असतो, आणि पुष्कळ मॉडेलसाठी तो सहज मिळतो. तो वापरला तर गाडीची एकही तार कापावी लागत नाही. दुकानात नसेल तर दोन दिवस थांबा, मागवून घ्या, पण कापू देऊ नका. जोड द्यावाच लागला तर सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवायला सांगा.

तारांचे रंग आधी माहीत करून घेतले तर काम चालू असताना लक्ष ठेवता येतं. बाजारातल्या स्टिरिओला सहसा पिवळी तार बॅटरीवरून कायम वीज आणते, लाल तार चावी फिरवली की जिवंत होते, काळी अर्थिंगची, नारिंगी दिव्यांची. पुढच्या डाव्या स्पीकरला पांढरी जोडी, पुढच्या उजव्याला करडी, मागच्या डाव्याला हिरवी आणि मागच्या उजव्याला जांभळी. प्रत्येक जोडीतली काळ्या पट्ट्याची तार ऋण. मात्र गाडीच्या मूळ तारांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून तिथे रंगावर विसंबायचं नाही, मीटर लावूनच खात्री करायची. लाल-पिवळीची अदलाबदल झाली तर प्रत्येक वेळी चावी काढली की स्टेशन आणि घड्याळ पुसलं जातं. दोन्ही एकत्र करून थेट बॅटरीला दिल्या तर स्टिरिओ झोपतच नाही. नारिंगी तार पुष्कळ जण सोडूनच देतात. ती जोडलेली असेल तर हेडलाइट लावताच पडदा आपोआप मंद होतो, आणि रात्री पुण्याहून येताना टेंभुर्णी, मोहोळच्या अंधारात त्याची किंमत कळते. फ्यूज मूळ जितक्या अँपिअरचा तितकाच ठेवायचा. तो वारंवार उडत असेल तर वायरिंगमध्ये दोष आहे. तो दोष न शोधता मोठा फ्यूज घालणं म्हणजे आगीला आवतण.

बॅटरीकडे सहसा कुणी बघत नाही. मुलं पुण्याला, गाडी इथे झाकून ठेवलेली, आठवड्यातून एकदा अक्कलकोट किंवा तुळजापूरची फेरी. ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी हे लक्ष देऊन वाचावं. चावी काढल्यावरही नवा स्टिरिओ थोडी वीज पीत असेल तर किती? 100 मिलिअँपिअर धरा. 24 तासांत 2.4 अँपिअर-अवर, आठवड्यात जवळजवळ 17. छोट्या गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी इतक्यात निम्मी रिकामी होते, आणि ती जुनी असेल तर गाडी सुरूच होत नाही. म्हणून बसवण्याआधी बॅटरी तपासून घ्या आणि बसवल्यावर इलेक्ट्रिशियनला चावी काढून, दारं लावून, थोडा वेळ थांबून मीटरवर करंट दाखवायला सांगा. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. जास्त असेल तर गाडी ताब्यात घ्यायची नाही.

इतकं झालं की पडदा निवडा. बाजारात दोन जाती आहेत. एक म्हणजे ज्याला सगळे अँड्रॉइड स्टिरिओ म्हणतात तो. तो मुळात डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅब्लेट असतो, त्याची मेमरी आणि ॲप स्वतःची असतात, नेटसाठी सहसा फोनचा हॉटस्पॉट लागतो. दुसरा म्हणजे फक्त अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले चालवणारा, सोनी, पायोनिअर, केनवुड अशा कंपन्यांचा रिसिव्हर. त्यात स्वतःचं फार काही नसतं, डोकं सगळं फोनचं. माझं मत स्पष्ट आहे: जमत असेल तर दुसरा घ्या. टॅब्लेटवाला काही वर्षांत रखडायला लागतो. रिसिव्हरचं मात्र फोन बदलला की निम्मं काम नवं होतं. स्वस्त टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये दिसणारा मेमरीचा आकडा खरा असेलच असं नाही, म्हणून आकड्यावर भाळू नका. बजेट कमी असेल तर पडदा लहान घ्या, पण कपलर आणि फ्रेमवर काटकसर नको. किंमत विचारताना फ्रेम, कपलर, कॅमेरा, मजुरी सगळं धरून एकच आकडा कागदावर घ्या.

आपल्याकडचं ऊनही हिशेबात धरा. एप्रिल-मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असताना उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि डॅशबोर्ड सगळ्यांत आधी. पडदा दाखवताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच छान दिसतात. गाडीत लावायच्या आधी तो दुपारच्या उजेडात धरून दाखवायला सांगा, नकाशातली निळी रेघ दिसते का बघा. स्टिरिओच्या मागच्या बाजूला हवा खेळायला जागा राहील अशा बेताने तारांचा गठ्ठा बांधायला सांगा. काचेवर लावायची छत्री घेतली नसेल तर याच खर्चात घ्या.

लहान गोष्टी मग पटापट उरकता येतात. जीपीएसचा अँटेना पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर हवा, पत्र्याखाली दडपलेला नको. माइक स्टेअरिंगच्या कॉलमवर, तोंडासमोर. गाडीला बाजूच्या काचांवर उघडणाऱ्या कर्टन एअरबॅग असतील तर काचेच्या खांबातून तार ओढू देऊ नका. रिव्हर्स कॅमेरा आधीचा असेल तर त्याचा व्होल्टेज विचारा, काही कंपन्यांचे मूळ कॅमेरे 12 नव्हे तर 6 व्होल्टवर चालतात आणि थेट जोडले तर जळतात. स्टेअरिंगची बटणं चालायला काही गाड्यांना कॅनबस डिकोडर, म्हणजे गाडीचे संकेत स्टिरिओला समजावणारी छोटी डबी, लागतो, तो किमतीत धरलाय का ते विचारा. एफएमसाठी अँटेनाचा ॲडाप्टर लागतो, आणि अँटेनात बूस्टर असेल तर त्याला निळ्या तारेतून वीज द्यावी लागते. गावात, सात रस्ता चौकात उभं राहूनही आकाशवाणी सोलापूर खरखरत असेल तर समजा ती तार राहिली.

बसवायच्या दिवशी गाडी सकाळी न्या आणि तिथेच थांबा. दुपारनंतर दिली तर अंधार पडता पडता पॅनेल दाबून बसवले जातात आणि क्लिप तुटतात. काम सुरू होण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढायला लावा आणि काही मिनिटं जाऊ द्या. डॅशबोर्डमागच्या पिवळ्या पिना सहसा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लागायला नको. काही गाड्यांत बॅटरी काढली की मूळ स्टिरिओ कोड मागतो, आणि तो कधी परत लावायची वेळ आली तर लागेल, म्हणून गाडीच्या कागदांत शोधून ठेवा. फोनमध्ये आदल्या रात्रीच अपडेट करून घ्या आणि सोलापूर, पुणे, विजापूर एवढ्या पट्ट्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. आपल्या फोनबुकात मराठी, तेलुगू, कन्नड अशी सगळी नावं असतात आणि बोलून कॉल लावताना फोन गोंधळतो. नेहमीची माणसं सोप्या नावाने आवडत्यांच्या यादीत टाकून ठेवा.

दुकानातून निघण्याआधी रिव्हर्स टाकून बघा, हेडलाइट लावून बघा, एकेक स्पीकर वेगळा वाजवून बघा, घरच्या माणसाला कॉल करून आवाज स्वच्छ जातो का विचारा. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर, तुळजापूरच्या दिशेने काढा. फोन मध्येच तुटतो का, खड्ड्यात फ्रेम वाजते का, हे रस्त्यावरच कळतं.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. हँडब्रेकची तार अर्थिंगला जोडून चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू करून देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. हँडब्रेक ओढलेला नसेल तर व्हिडिओ बंद राहावा आणि गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून ती तार आहे. 2020 मध्ये बदललेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता शोधायला, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही असं वापरायची मुभा आहे. पडदा डॅशबोर्डमध्ये बसवायचा तो फोन हातात घ्यावा लागू नये म्हणूनच.

बिल जीएसटीचं पक्कं घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. स्टिरिओ महागडा असेल तर विम्याच्या नूतनीकरणात तो इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरी म्हणून दाखवा; त्याच्या किमतीच्या साधारण 4 टक्के जादा हप्ता बसतो आणि अपघातात किंवा गाडी चोरीला गेल्यास त्याची भरपाई मागता येते. काढलेला जुना स्टिरिओ, त्याची फ्रेम आणि स्क्रू दुकानात सोडून येऊ नका. एका खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. कपलर कापलेला नसेल तर गाडी विकताना मूळ स्टिरिओ तासाभरात परत बसतो आणि नवा तुमच्या पुढच्या गाडीत, तिची फ्रेम मिळत असेल तर, नेता येतो.