ऑगस्ट ते मे: प्रीमियर लीगचा एक अख्खा मोसम कसा पाहावा

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यात दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर आल्याची तारीख, आणि त्याच चौकटींत निळ्या पेनाने बारीक अक्षरात माझे सामने: 'एव्ह. ७.३०', 'एव्ह. १२.३० रात्री'. 'एव्ह.' म्हणजे एव्हर्टन, लिव्हरपूल शहरातला जुना, निळ्या जर्सीचा क्लब.

अनेक जण मला म्हणतात, "इंग्लिश फुटबॉल बघायचंय, पण कुठून सुरुवात करू कळत नाही. एवढे सामने!" सामने खरंच खूप आहेत. प्रीमियर लीग ही इंग्लंडमधली सर्वांत वरच्या विभागाची फुटबॉल स्पर्धा. २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, एकूण ३८०. पण मोसम पाहायचा म्हणजे ३८० सामने पाहायचे नाहीत. ऑगस्टपासून मेपर्यंत चालणारी ती एकच सलग गोष्ट आहे, आणि ती सलग धरून ठेवायला आली की झालं. ती कशी धरायची ते सांगतो.

आधी संघ निवडा

तटस्थ राहून चांगला खेळ पाहू, असं ठरवणारे बहुतेक लोक ऑक्टोबरपर्यंत गळतात. आपला म्हणावा असा संघ नसेल तर पावसात ०-० संपणारा सामना कोण बघेल? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा सामना ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कारण काहीही चालेल. एखादा खेळाडू आवडतो, मोठा भाऊ त्या संघाचा, जर्सीचा रंग आवडला. फक्त निवडण्याआधी दोन-तीन क्लबांचा इतिहास वाचा, कारण नंतर संघ बदलायचा नाही. माझं मन एव्हर्टनवर बसलं ते एका भाऊबंदकीमुळे. लिव्हरपूलचं जगप्रसिद्ध ॲनफिल्ड मैदान मुळात एव्हर्टनचं. १८९१ मध्ये एव्हर्टनने पहिलं लीग विजेतेपद मिळवलं तेव्हा ते तिथेच खेळत होते. मग मैदानाच्या भाड्यावरून मैदानमालक जॉन होल्डिंग यांच्याशी वाद झाला, एव्हर्टन १८९२ मध्ये स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कवर गेलं, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंग यांनी नवा क्लब काढला. तोच लिव्हरपूल. पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं दोन्ही घरं बागेच्या दोन टोकांना होती.

क्लब निवडलात की त्याची दुःखंही माहीत करून घ्या. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, त्यात लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचे जीव गेले. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात २३ माणसं गेली, त्यांत मँचेस्टर युनायटेडचे ८ खेळाडू होते. प्रतिस्पर्ध्याला चिडवताना या दोन गोष्टींना हात लावायचा नाही. ही घरं आजही ते दिवस पाळतात.

वेळापत्रक भिंतीवर आणा

मोसमाचं वेळापत्रक जूनच्या मध्यावर जाहीर होतं. पण ते जसंच्या तसं राहत नाही; टीव्हीसाठी सामने निवडले जातात तशा तारखा आणि वेळा सरकतात. म्हणून अख्खं वर्ष एकदम न लिहिता महिन्याचं लिहा.

आपल्या वेळा सोप्या आहेत, एक खाच सोडली तर. उन्हाळी वेळ चालू असताना इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. शनिवारचा तिथला दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी ५ ला, तीनचा ७.३० ला, साडेपाचचा रात्री १० ला, आणि रात्री आठचा मध्यरात्री १२.३० ला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्याकडे सगळं एका तासाने उशिरा सुरू होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पूर्ववत. दरवर्षी ऑक्टोबरच्या त्या रविवारी कुणी ना कुणी तासभर आधी टीव्ही लावून बसतो. दोन्ही रविवारांवर आत्ताच खूण करून ठेवा.

मध्यरात्रीनंतरच्या सामन्यांची तारीखही घोळ घालते. शुक्रवार रात्रीचा सामना आपल्याकडे शनिवार लागल्यावर सुरू होतो. मी तो शुक्रवारच्याच चौकटीत लिहितो, म्हणजे कोणत्या रात्री जागायचं ते चुकत नाही.

प्रक्षेपणाचे हक्क दर काही वर्षांनी नव्याने विकले जातात, म्हणून जुलैअखेरीस कोणत्या चॅनेलवर आणि ॲपवर सामने आहेत ते पाहून मगच पैसे भरा. आणि एक आनंदाची गोष्ट: ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत. लोकांनी घरी बसू नये, गावच्या छोट्या क्लबांच्या मैदानावर जावं, यासाठी १९६०च्या दशकापासून हा नियम पाळला जातो. त्यामुळे तीनचे सामने लिव्हरपूलमध्ये घरी बसलेल्या एव्हर्टनवाल्याला टीव्हीवर दिसत नाहीत, आणि आपल्याला पुण्यात बसून दिसू शकतात.

गुणतक्ता वाचायला शिका

विजयाला ३ गुण, बरोबरीला १. वरच्या चारांना पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा), कधी पाचव्यालाही. खालचे तीन थेट खालच्या विभागात, त्याचं नाव चॅम्पियनशिप. तिथले पहिले दोन वर येतात, आणि त्यांच्या खालोखालच्या काही संघांतून प्लेऑफ, म्हणजे बाद सामने, जिंकणारा एक.

एवढं कुणीही सांगेल. खरी मजा गोलफरकाच्या रकान्यात आहे. केलेले गोल वजा खाल्लेले गोल. गुण सारखे झाले की आधी हाच आकडा बघतात. नवा माणूस त्याकडे बघतच नाही. त्याच्यासाठी हे उदाहरण सावकाश वाचा.

१३ मे २०१२. मोसमाचा शेवटचा दिवस. मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांचे गुण सारखे. युनायटेड आपला सामना जिंकून मैदानावर उभे. सिटी घरच्या मैदानावर क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध ९० मिनिटं झाली तरी १-२ ने मागे. जादा वेळेत झेकोने बरोबरी साधली, आणि ९४व्या मिनिटाला अग्युएरोने विजयी गोल मारला. दोघांचे ८९ गुण. गोलफरक सिटीचा ६४, युनायटेडचा ५६. विजेते सिटी. हा गोल सगळ्यांना माहीत आहे.

आता मागे जा, २३ ऑक्टोबर २०११. ओल्ड ट्रॅफर्डवर सिटीने युनायटेडला ६-१ हरवलं. ८८व्या मिनिटापर्यंत ३-१ होतं. शेवटच्या काही मिनिटांत आणखी तीन गोल झाले. सामना तर आधीच हातातून गेला होता, मग युनायटेडला ते तीन गोल काय जड? कागद घ्या आणि तो सामना ६-१ ऐवजी नुसता १-० असता तर, असा हिशोब मांडा. सिटीने मोसमात ९३ गोल केले, २९ खाल्ले. ते होतात ८८ आणि २८. युनायटेडने ८९ केले, ३३ खाल्ले. तेही होतात ८८ आणि २८. गुण सारखे, केलेले गोल सारखे, खाल्लेले गोल सारखे! तेव्हाच्या नियमांप्रमाणे विजेता ठरवायला आणखी एक सामना खेळवावा लागला असता. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा बेरीज चुकली असेल म्हणून तीनदा तपासली.

म्हणून एक साधी वही करा. दर सामन्याला एकच ओळ: तारीख, निकाल, आपल्या संघाचे गुण, गोलफरक, आणि लक्षात राहिलेली एक गोष्ट. ॲपवर तक्ता मिळतो, पण तो फक्त आजचा. ऑक्टोबरात आपण कुठे होतो हे वहीत सापडतं.

तक्ता मैदानाबाहेरही बदलतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्थिक नियम मोडले म्हणून एव्हर्टनचे १० गुण कापले. अपिलानंतर फेब्रुवारीत ते ६ झाले, एप्रिलमध्ये पुन्हा २ गेले. माझ्या वहीत त्या वर्षी खाडाखोडीचं एक अख्खं पान आहे. शेवटी ४० गुणांवर आम्ही वाचलो.

सामना पाहताना

बहुतेक जण चेंडूमागे डोळे फिरवतात. त्यात चूक नाही, पण दर सामन्यात दहा मिनिटं आपल्या संघाचा एकच खेळाडू पाहा, चेंडू त्याच्याकडे नसतानाही. मी हे सीमस कोलमनवर शिकलो. आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडून २००९ मध्ये अवघ्या ६० हजार पौंडांत आलेला हा उजव्या बगलेचा डिफेंडर पुढे एव्हर्टनचा कर्णधार झाला. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो किती पावलं आत सरकतो, हात दाखवून पुढच्याला कुठे उभं करतो, विंगर (कडेने धावणारा प्रतिस्पर्धी) निसटणार हे आधीच ओळखून धावायला कधी लागतो, हे दिसू लागलं आणि प्रतिस्पर्धी ऑफसाइड ठरावा म्हणून बचावफळी एका रेषेत कशी राहते ते आपोआप कळलं.

नियमांचं दडपण घेऊ नका. ऑफसाइड आणि हँडबॉल दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडतात. २०१९-२० पासून व्हिडिओ पंच आहेत आणि त्यांच्या तपासणीत गोल रद्दही होतो, त्यामुळे गोल झाल्यावर लगेच शेजाऱ्यांना उठवू नका. मधल्या वर्तुळातून खेळ सुरू होईपर्यंत थांबा.

थंडीतले महिने

डिसेंबरमध्ये सामन्यांची रांग लागते. नाताळच्या आसपास संघ दर तीन-चार दिवसांनी खेळतात, खेळाडू दुखापतींनी गळतात, आणि ज्यांची राखीव फळी भक्कम ते वर सरकतात. नवीन चाहता इथेच दमतो. सगळं पाहण्याचा हट्ट सोडा. माझा नियम असा: आपल्या संघाचा सामना पूर्ण, बाकीच्यांचे दहा मिनिटांचे ठळक क्षण, आणि दर आठवड्याला तळाच्या दोन संघांमधला एखादा सामना. त्या सामन्यांत प्रत्येक थ्रो-इनसाठी झटापट होते, आणि तशी धडपड वरच्या संघांत सहसा दिसत नाही.

जानेवारीत खेळाडूंची खरेदी-विक्री पुन्हा उघडते. अफवा वाचण्यात रात्री घालवू नका, क्लबने जाहीर केलं की वहीत लिहा. त्याच महिन्यात एफए कपची (लहानमोठ्या सगळ्या विभागांतल्या क्लबांच्या बाद स्पर्धेची) तिसरी फेरी असते आणि प्रीमियर लीगचे संघ त्यात उतरतात. ती चुकवू नका, कारण वर्षाचं सोनं फक्त लीगमध्ये नसतं. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम लीगमध्ये १७वे आले आणि तरी युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा, जिंकले. त्याच मोसमात क्रिस्टल पॅलेसने एफए कप घेतला, आणि न्यूकॅसलने लीग कप जिंकून १९५५ नंतरचा पहिला मोठा देशांतर्गत चषक घरी नेला.

फँटसी, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ ॲपवर बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ, खेळायची असेल तर जरूर खेळा. १०० दशलक्ष पौंडांचं काल्पनिक बजेट, १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. फायदा हा की बर्नमथचा लेफ्ट बॅक (डाव्या बगलेचा डिफेंडर) कोण हे तुम्हाला कळू लागतं. मुदत फेरीच्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संपते. शुक्रवारी सामना असेल तर उन्हाळी वेळेत आपल्याकडे रात्री ११ ला. पण आपल्या संघाविरुद्ध गोल झाल्यावर गुण मिळाले म्हणून आनंद वाटायला लागला, तर त्या आठवड्यापुरतं ॲप बंद ठेवा.

सोबत शोधा

मुंबई, पुणे, गोव्यात मोठ्या क्लबांचे चाहते एकत्र बसून सामने पाहतात. आमच्यासारख्या छोट्या गोताला दोघे-तिघे पुरतात. १९ मे २०२२ चा क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा सामना आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाला. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवलेला, कानात इअरफोन, घर झोपलेलं. हाफटाइमला आम्ही ०-२ ने मागे, खाली घसरण्याच्या काठावर. नाशिकच्या मित्राचा मेसेज आला, "झोपतो." मी लिहिलं, "थांब." ५४व्या मिनिटाला कीन, ७५व्याला रिचार्लिसन, आणि ८५व्याला कॅल्व्हर्ट-ल्युइनने पुढे झेपावत डोक्याने तिसरा. मी उशी तोंडावर दाबून ओरडलो. नाशिकहून नुसते निळे बदाम येत राहिले.

शेवटचा रविवार

या दिवशी दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल पाहून कुणाला खेळता येऊ नये. टीव्हीवर आपला सामना लावा, मोबाइलवर थेट गुणतक्ता उघडा, आणि वही समोर ठेवून आधीच लिहून काढा: आपण जिंकलो तर काय, बरोबरी झाली तर कुणी हरायला हवं. २८ मे २०२३ ला मी असा तक्ता केला होता. लेस्टर आपला सामना जिंकत होते, म्हणजे बर्नमथविरुद्ध बरोबरी आम्हाला पुरणार नव्हती. ५७व्या मिनिटाला डुकुरेने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि पुढची सगळी मिनिटं त्या एका गोलावर काढायची होती. आमचे ३६ गुण झाले, लेस्टरचे ३४. १९५४ पासून सलग वरच्या विभागात असलेला क्लब तिथेच राहिला. त्या पानावर मी फक्त निकाल लिहिला आणि दिवा मालवला.