सुट्टीत गावी जाताना: फवारणीच्या विषापासून कुटुंबाला कसे जपावे

नागपुरातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत काटोल, नरखेड, वर्धा किंवा यवतमाळकडच्या गावी जातात. त्या दिवसांत कपाशीवरच्या फवारण्या बऱ्याच ठिकाणी संपलेल्या नसतात, आणि आंबिया बहाराची संत्रीही तोडणीला आलेली असतात. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ते दिवसभर पाठीवर पंप घेऊन उंच वाढलेल्या कपाशीत राबणारे लोक होते. चार दिवसांच्या पाहुण्याला तेवढा धोका नसतो. मात्र कोणत्या वावरात कधी काय मारले आहे, हे घरच्यांना माहीत असते आणि पाहुण्याला नसते.

म्हणून निघण्यापूर्वीच फोनवर विचारून घ्यावे की शेवटची फवारणी कधी झाली आणि कोणत्या औषधाची. या विषाला आपण 'औषध' म्हणतो, ही सवय मला नेहमीच खटकत आली आहे, कारण शहरात वाढलेल्या मुलाला औषध म्हणजे खोकल्याची बाटलीच आठवते. मुलांना ते विष आहे असेच स्पष्ट सांगावे. गावी पोहोचल्यावर डब्यावरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण असला तरी तो डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये. मोबाइलवर लेबलाचा फोटो काढून ठेवावा. त्याचा उपयोग पुढे येईल.

फवारलेल्या वावरात निदान एक दिवस, आणि लेबलावर अधिक मुदत दिली असेल तर तितके दिवस जाऊ नये. शेजारच्या धुऱ्यावर पंप चालू असेल तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सरकावे, आणि गाडीत असल्यास काचा बंद करून बाहेरची हवा आत घेणे थांबवावे. बागेत फिरताना पूर्ण बाह्यांचे कपडे व बंद बूट घालावेत. परतल्यावर हातपाय साबणाने धुवून कपडे बदलावेत आणि ते कपडे वेगळे धुवावेत. झाडावरचे संत्रे तोडून तिथेच सोलून खाण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते प्रत्येक औषधाच्या लेबलावर दिलेले असते, आणि तेवढे दिवस झाले आहेत की नाहीत हे मालकच सांगू शकतो. साल आपण खात नसलो, तरी सालीवरचा अंश हातावरून फोडींना लागतो. त्यामुळे फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे आणि सोलल्यावर हातही धुवावेत. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतलेला असला, तरी त्यात पाणी वा दूध भरू नये, आणि कोणी त्यातून देऊ केल्यास संकोच न करता नकार द्यावा.

घराच्या आतला एक धोका याहून गंभीर आहे. साठवणीच्या धान्यात कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. पाहुण्यांची गर्दी झाली की धान्याच्या खोलीत किंवा तिच्या भिंतीलगत गाद्या घातल्या जातात. तिथे कोणालाही झोपू देऊ नये. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, तर तत्काळ सर्वांनी मोकळ्यावर यावे. पेंच किंवा ताडोबाजवळच्या रिसॉर्टमध्ये खोलीत नुकतीच फवारणी झाल्याचा वास येत असेल, तर दुसरी खोली मागावी.

विषबाधा ओळखण्यात घोटाळा होतो, कारण उलटी, चक्कर, डोकेदुखी व घाम ही लक्षणे दिसली की घरात कोणीतरी लगेच 'ऊन लागले' किंवा 'बाहेरचे खाणे बाधले' असे म्हणते. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील औषधांच्या बाधेत मात्र बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या लहान होतात, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहते, स्नायू थरथरतात आणि छातीत घरघर सुरू होते. विष त्वचेतून शिरले असेल तर ही लक्षणे काही तासांनीही येऊ शकतात.

असे दिसताच रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून अंग, केस व नखे साबणाने भरपूर पाण्यात धुवावीत. धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात. डोळ्यांत उडाले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवत राहावे. विष पोटात गेले असले, तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, दूध वा तूपही देऊ नये. अनेक औषधे रॉकेलसारख्या द्रावकात असतात आणि उलटीवाटे ती फुप्फुसांत जाऊ शकतात. गुंगी असल्यास डाव्या कुशीवर निजवावे. १०८ वर फोन करावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांकही जवळ ठेवावा. लेबलाचा फोटो डॉक्टरांना दाखवावा, कारण ॲट्रोपिनसारखे उतारे ठराविक गटातील विषांवरच चालतात. नागपूरला न्यायचे झाले तर मेडिकल, मेयो किंवा मिहानचे एम्स यांपैकी एखादे मोठे रुग्णालय गाठता येते, पण प्राथमिक उपचारासाठी आधी जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे, थेट शहराकडे धावू नये.

बरे वाटू लागल्यावर घरी जाण्याची घाई करू नये. ऑर्गेनोफॉस्फेटच्या बाधेत साधारण एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणे आणि श्वास अपुरा पडणे अशी दुसरी लाट येऊ शकते, तेव्हा तेवढे दिवस रुग्णाला एकटे ठेवू नये.