स्मरणशक्ती आणि सुजेसाठी फ्लेवोनॉइडच्या कॅप्सूल: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली अनेक मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीस असतात आणि आई-वडिलांच्या विस्मरणाची किंवा गुडघेदुखीची तक्रार फोनवर ऐकली की क्वेर्सेटिन अथवा ल्युटिओलिन या फ्लेवोनॉइडची, म्हणजे फळे-भाज्यांत आढळणाऱ्या घटकांच्या कॅप्सूलची बाटली ऑनलाइन मागवून थेट घरी पाठवतात. हेतू चांगलाच असतो; चुका त्यानंतर सुरू होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ही कॅप्सूल औषधांत न धरणे. डॉक्टर ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ असे विचारतात तेव्हा ‘नाही’ हे उत्तर अगदी प्रामाणिकपणे दिले जाते, कारण झाडपाल्यापासून काढलेली आणि चिठ्ठीशिवाय मिळालेली वस्तू आपल्या लेखी औषधच नसते. सीमाभागात त्यात आणखी एक अडचण असते: रक्तदाबाची फाइल बेळगावात, हृदयाची कोल्हापुरात आणि सांध्यांची मिरजेत, आणि एका डॉक्टरांनी काय लिहून दिले ते दुसऱ्यांना ठाऊक असतेच असे नाही. क्वेर्सेटिनमुळे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढू शकतो, आणि प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण बदलू शकते. शोषण वाढावे म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतले पायपेरीन घातलेले असेल, तर फिट्सवरील फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाणही वाढण्याची शक्यता असते. म्हणून नुसते नाव सांगू नये, बाटलीच सोबत न्यावी. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर कॅप्सूल किती दिवस आधी बंद करायची हे डॉक्टरांना तेव्हाच विचारून घ्यावे.

दुसरी चूक कारण न शोधता कॅप्सूल सुरू करण्याची. विस्मरण बी-१२ च्या कमतरतेने होते, थायरॉइड मंदावल्याने होते, अपुऱ्या झोपेने आणि नैराश्यानेही होते. ही कारणे तपासणीत सापडतात आणि त्यांवर उपचार आहेत. शाकाहारी घरांत, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-१२ ची तपासणी आधी व्हायला हवी. सांधे सकाळी तासभर आखडत असतील तर तो संधिवात असू शकतो, आणि त्याची मेथोट्रेक्सेटसारखी औषधे थांबवून त्यांच्या जागी कॅप्सूल घेतल्यास सांध्यांचे कायमचे नुकसान होऊ शकते.

‘तुमच्या शरीरात फ्लेवोनॉइड कमी पडले आहे’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. १९३६ च्या सुमारास हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी या गटाला ‘व्हिटॅमिन पी’ म्हटले होते, परंतु त्याच्या अभावाने होणारा कोणताही आजार सिद्ध न झाल्यामुळे ते नाव पुढे सोडून देण्यात आले.

एका घटकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवला जातो, हेही ध्यानात ठेवावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ज्येष्ठांना तीन वर्षे रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लेव्हेनॉल (कोकोतले फ्लेवोनॉइड) देण्यात आले, आणि स्मरणशक्तीत दिसलेली माफक सुधारणा मुख्यतः ज्यांचा आहार आधी निकृष्ट होता त्यांच्यात होती. ल्युटिओलिनबाबतचे बहुतांश काम अद्याप पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहे. सांगलीच्या हळदबाजाराला लागून असलेल्या आपल्या भागात तर हळदीतल्या कुरक्युमिनलाही सर्रास फ्लेवोनॉइड म्हटले जाते. ते तसे नाही, त्याची रचना वेगळी आहे.

लेबल वाचताना होणारी चूक गणिताची असते. ‘४०० मिलिग्रॅम अर्क, १० टक्के प्रमाणित’ असे लिहिले असेल तर प्रत्यक्ष घटक ४० मिलिग्रॅमच असतो, आणि ते प्रमाण कित्येकदा एका नव्हे, दोन कॅप्सूलचे मिळून दिलेले असते. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना लेबलवर आहे का, तेही पाहावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या मुलांकडून वाचून घ्यावे.

पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नये. हे घटक पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि शोषले गेले तरी आतड्यात व यकृतात लगेच रूपांतरित होतात, त्यामुळे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेण्यापेक्षा थोडे तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घेणे बरे. जळजळ, डोकेदुखी किंवा हातापायांना मुंग्या येऊ लागल्यास कॅप्सूल थांबवून त्रास कमी होतो का ते पाहावे. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे असे काही झाल्यास मात्र वाट न पाहता, कॅप्सूल बंद करून, त्याच दिवशी बाटलीसह डॉक्टरांकडे जावे. आणि तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे अचानक सुरू झाले तर १०८ ला फोन करावा.