नीतिशास्त्राच्या पेपरात या चुका टाळा

गावच्या अभ्यासिकेत यूपीएससीवाल्या पोरांच्या नीतिशास्त्राच्या वह्या मी तपासतो. 2013 पासून हा 250 गुणांचा पेपर आहे, आणि चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे ‘आहे’वरून थेट ‘असावं’वर उडी. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमनं ती 1740 मध्येच पकडली होती. मीही यात तोंडावर पडलोय. निंदणाच्या दिवसांत बायांनी मजुरी वाढवून मागितली. गड्यांना जास्त, त्यांना कमी. धुऱ्यावर उभा राहून मी ऐटीत म्हणालो, “गावात बायांचा रेट एवढाच आहे.” टोंगळ्यावर हात टेकत एक म्हातारी उठली. “हाय थे मलेही मालूम हाय, सर. पण असावा कावून, थे सांगा ना.”

मग मी म्हणालो, गड्याचं काम जड असतं. ती म्हणे, “दिवसभर वाकून पाहा मंग.”

मी मधलं वाक्य गिळलं होतं: ‘जड कामाला जास्त मजुरी असावी.’ ते उघड बोललो असतो तर भांडण नेमकं कशावर आहे ते दिसलं असतं, आणि जिंकली तीच असती. तेव्हापासून निष्कर्षाच्या वर पेन्सिलीनं हे गिळलेलं वाक्य लिहितो. पोरांना त्याचा कंटाळा. त्यांना व्हॉट्सॲपवरची दोन पानी पीडीएफ पाहिजे.

दुसरी चूक जर्मन तत्त्वज्ञ कांटबद्दलची. ‘सगळ्यांनी असं केलं तर नुकसान होईल’ हे कांटचं म्हणणं नव्हे, तो परिणामांचा हिशोब झाला. 1785 च्या पुस्तकातलं त्याचं उदाहरण आपल्याकडचंच वाटतं: परत करायचे नाहीत हे ठाऊक असून ‘कापूस विकला की देतो’ म्हणत उसने घेणं. सगळेच असं करू लागले तर शब्दावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, मग खोटा शब्द देताच येणार नाही. नियम स्वतःलाच खातो, मुद्दा तो आहे.

तिसरी, इंग्रज तत्त्वज्ञ मिलबद्दलची. त्याचं ‘जास्तीत जास्त सुख’ म्हणजे ग्रामसभेत हात वर करणं नव्हे. दहा जणांची थोडी सोय एकाच्या उपासमारीपेक्षा आपोआप जड होत नाही.

‘ज्याचं त्याचं मत’ दिसलं की मी वही मिटतो.

तत्त्व एकीकडे, मनाचा कौल दुसरीकडे गेला तर? अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सनं 1971 मध्ये सांगितलं तसं दोन्हीकडे ये-जा करा, जे कच्चं निघेल ते दुरुस्त करा. म्हातारीमुळे मी तत्त्व लगेच दुरुस्त केलं. रेट मात्र पुढच्या हंगामात.