प्रकल्पभेटीला जाताय? या चुका टाळा

बाबा आमटे परिवाराचे आनंदवन, सोमनाथ आणि हेमलकसा हे तिन्ही सेवाप्रकल्प एकाच दौऱ्यात उरकायचं ठरवून अनेक गट निघतात आणि निम्मा वेळ गाडीतच घालवतात. एका सहलीत एकच प्रकल्प धरा, मुक्काम करा.

हेमलकशाला दवाखाना आणि निवासी शाळा चालते, त्यामुळे न कळवता पोहोचलात की कुणाला तरी हातातलं काम टाकून तुमच्यामागे फिरावं लागतं. माणसं किती, मुक्काम किती, जेवणं किती हे आधी कळवा; होकार आल्यावरच तिकिटं काढा. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं आपापल्या गावी असतात. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की हेमलकशाच्या वाटेवरच्या आलापल्लीपुढचा रस्ता बंद पडतो. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

सर्वांत जास्त घोळ वस्तूंचा होतो. जुन्या कपड्यांची पोती आली की ती निवडायला प्रकल्पातलीच माणसं बसतात आणि फाटके, न चालणारे कपडे शेवटी त्यांनाच निस्तरावे लागतात. घरी उरलेल्या गोळ्या तर नेऊच नका. कापलेल्या पट्टीवर नाव आणि मुदत दिसत नसेल तर कोणताही डॉक्टर ती रुग्णाला देणार नाही. काय हवं याची यादी कार्यालयाकडून मागवा, सामान शक्यतो चंद्रपूर किंवा आलापल्लीला विकत घ्या आणि कार्यालयातच जमा करा. मुलांच्या हातात थेट चॉकलेटं किंवा नोटा देऊ नका. चार गटांनी असं केलं की पाचवी गाडी दिसताच मुलं वर्ग सोडून धावतात.

देणगी बँकेतूनच द्या, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. सोबत परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक असतील तर जास्त जपा. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी त्यांची देणगी, अगदी रुपयांत दिलेलीही, कायद्याने विदेशी योगदान ठरते. ती संस्थेच्या एफसीआरए खात्यातच, म्हणजे विदेशी देणग्यांसाठीच्या वेगळ्या बँक खात्यातच, जायला हवी. चुकीच्या खात्यात गेली तर अडचणीत संस्था येते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना हा नियम लागत नाही.

आनंदवन ही कुष्ठरोग्यांची वसाहत; तिथे हात मिळवताना आखडू नका. झडलेली बोटं हा जुन्या आजाराचा व्रण आहे. औषध घेऊन बरा झालेला माणूस कुष्ठरोग पसरवत नाही. त्यांच्या पंगतीला बसा. फोटो मात्र विचारूनच काढा, आणि रुग्णांचे व मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नका. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे.

गडचिरोलीत मलेरिया आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मच्छरदाणीतच झोपा. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना सांगा.